कोबीवर्गीय भाज्या : हंगामवार लागवड

कोबीवर्गीय भाज्या : क्रुसिफेरी (ब्रॅसिकेसी) म्हणजे मोहरी कुलातील ब्रॅसिका ओलेरॅसिया या एकाच जातीपासून मानवाने शतकानुशतके निवड करून निर्माण केलेल्या भाज्यांना ही संज्ञा लावतात. कोबी (प्रकार कॅपिटॅटा, हिं. बंदगोभी, पत्तागोभी), फुलकोबी अथवा व्यवहारातील फ्लॉवर (प्रकार बॉट्रिटिस, हिं. फूलगोभी), नवलकोल (प्रकार गाँगायलोड्स, हिं. गांठगोभी) आणि ब्रोकोली (प्रकार इटालिका) या त्यांपैकी महाराष्ट्रात लागवडीत असलेल्या होत. कोबीमध्ये पानांनी वेढलेली शेंड्याची मोठी कळी, फुलकोबीमध्ये फुलोऱ्याचा अविकसित अग्रभाग, नवलकोलामध्ये फुगलेले खोड आणि ब्रोकोलीमध्ये न उमललेल्या कळ्यांचा झुबका खाल्ला जातो. मुळा, सलगम व मोहरी याच कुलातील असल्या, तरी त्या वेगळ्या जातींच्या आहेत. प्रस्तुत नोंदीत पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागातील बारामती व इंदापूर या तालुक्यांच्या परिस्थितीच्या आधारे या भाज्यांचे उत्पादन वर्षातील निरनिराळ्या हंगामांत कसे घेता येते, याचे विवरण केले आहे.

या जातीचे रानटी पूर्वज पश्चिम यूरोपचा समुद्रकिनारा व भूमध्य सागरी प्रदेश येथे आढळतात. ही थंड, दमट हवेत वाढणारी वनस्पती असून तिची सर्व शरीररचना त्या हवामानाशी जुळलेली आहे. भारतात कोबी पोर्तुगीजांमार्फत आली असे मानतात. मराठीतील ‘कोबी’ हे नावही पोर्तुगीज ‘कोउव्ह’ या शब्दावरून आले असावे. ‘नवलकोल’ हे मूळ डच शब्दाचे मराठी जिभेवर घडलेले रूप असून त्यातील ‘नवल’ हे केवळ उच्चारसाम्याने आलेले आहे. तथापि जमिनीच्या वर खोडाचा चेंडू धरणाऱ्या या झाडाला ते शोभून दिसते. फुलकोबीचे बी १८२२ मध्ये इंग्लंडहून सहारनपूरच्या कंपनी बागेत आणले गेले. त्यानंतरच्या शंभर वर्षांत उत्तर भारतातील बागाइतदारांनी उष्ण हवेतही गड्डा धरणाऱ्या झाडांचे बी वर्षानुवर्षे राखून ठेवले आणि त्यातून यूरोपीय फुलकोबीपेक्षा सर्वस्वी भिन्न असा ‘भारतीय’ फुलकोबीचा गट तयार झाला. महाराष्ट्रातील पठारावर पावसाळ्यात फुलकोबी मिळू शकते, ती या अनामिक बागाइतदारांच्या निवडीमुळे होय.

प्रदेश : बारामती व इंदापूर हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असून येथील वार्षिक पाऊस सरासरीने सु. ५०० ते ६०० मिमी. आहे. त्यातही जुलै-ऑगस्टमध्ये नुसती भुरभुर आणि सप्टेंबरमध्ये परतीच्या पावसाच्या मोठ्या सरी, असे त्याचे स्वरूप असते. केवळ पावसावर येथे बाजरी व ज्वारी पिकते. भाजीपाला पिकत नाही. बागाईत उभी राहिली ती प्रामुख्याने नीरा डाव्या कालव्यामुळे. १८७६-७७ च्या दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर हाती घेतलेला हा कालवा १८८० नंतरच्या दशकात वाहू लागला. भाटघर येथील धरणातून त्याला पाणी मिळते. सासवडच्या माळी बागाइतदारांनी कालव्याखालील जमिनी खंडाने घेऊन उसाची शेती वाढविली. इंदापूर तालुक्याच्या उत्तर सीमेवर भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाल्यावर फुगवट्याच्या काठची गावेही उपसा सिंचनाखाली आली. भीमा व नीरा यांच्या दुआबात, त्यांच्या नरसिंहपूर येथील संगमापर्यंत पसरलेला हा टापू पुण्याच्या गुलटेकडी बाजारापासून शंभर ते दीडशे किमी. अंतरावर असल्याने रात्री भरलेली गाडी पहाटेच्या लिलावाला पोचते. ऊस हेच येथील मुख्य पीक होय. कोबी वा फुलकोबीचे पीक रोप लावल्यापासून दोन ते तीन महिन्यांत निघते व त्याला एकंदर सु. ३८० ते ५०० मिमी. पाणी लागते, ऊस मात्र वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ जमीन अडवितो व त्याला सु. १,५०० ते २,५०० मिमी. पाणी लागते. ज्याच्या वाट्याला कालव्याची पाळी निश्चितपणे येत नाही, अशा दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्याला कोबीवर्गीय भाज्यांकडे वळण्यास हा फरक पुरेसा ठरतो.

तापमान व गड्डा : कोणत्या महिन्यात कोणता प्रकार लावावा, हा या पिकांच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होय, खत, पाणी व औषधे यांचा विचार त्यानंतरचा. फुलकोबीचे रोप प्रथम काही आठवडे केवळ पाने वाढविते. ठरावीक वाढ झाल्यावर आणि तापमान त्या प्रकाराला मानवेल इतके उतरल्यावरच शेंड्याला गड्डा धरू लागतो. भारतात लागवडीतील प्रकारांचे यानुसार गट पाडतात. हळव्या गटाला (उदा., पुसा कतकी, पुसा दीपाली, अर्ली कुंवारी) सु. २०° ते २७° से., निमगरव्या गटाला (उदा., इंप्रूव्हड जॅपनीज, पुसा शरद) सु. १२° ते २०° से. आणि गरव्या ‘स्नोबॉल’ गटाला सु. १०° ते १६° से. सरासरी तापमान लागते. हळवा प्रकार उशिरा, म्हणजे थंडीत लावल्यास रोपाची वाढ पुरी होण्यापूर्वीच थंडी त्याला गड्ड्याचा इशारा देते व बटनाएवढा गड्डा धरून झाड खुरटते. याउलट गरवा प्रकार उन्हाळी हवेत लावल्यास झाड कमरेइतके पालेदार होते. पण गड्डा येत नाही किंवा आला तर विरळ, लवदार व मधूनमधून हिरवी पाने डोकावणारा येतो. दोन्ही प्रसंगी बी खोटे निघाले अशी शेतकऱ्याची समजूत होते. बी खरे असते. महिना चुकलेला असतो.

उत्तर भारतासाठी तयार केलेली लागवडीची कोष्टके या भागात जशीच्या तशी लागू पडत नाहीत, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे. बारामती परिसरात डिसेंबर-जानेवारीत रात्री थंड असल्या, तरी दुपारी पारा बहुधा २८°-३०° से. पर्यंत चढतो. त्यामुळे स्नोबॉल गटाला हवी तशी दीर्घ थंडी येथे क्वचितच पडते. त्याचा हंगाम जेमतेम डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंतचा असतो. उलटपक्षी जुलै-ऑगस्टमध्ये, उत्तरेकडे उकाडा असताना, येथे ढगाळ हवा, वारा व कमाल ३०°-३१° से. च्या आसपासचे तापमान असते. मावळात वा कोकणात याच महिन्यांत संततधारेने पीक सडते. सह्याद्रीने अडविलेला पाऊस ही जिराइताची आपत्ती. पण हाताशी पाणी असलेल्या कोबीच्या बागाइतदाराला तीच सोय ठरते.

कोबी तापमानाच्या बाबतीत फुलकोबीपेक्षा अधिक सोशिक आहे. १५° ते २०° से. ला गड्डा उत्तम भरतो, २५° से. च्या वर वाढ मंदावते व गड्डा सैल राहतो. गोल्डन एकर हा प्रकार रोप लावल्यापासून ६० ते ६५ दिवसांत एक ते दीड किग्रॅ. चा गोल, घट्ट गड्डा देतो. प्राइड ऑफ इंडिया त्यानंतर थोड्या दिवसांनी व ड्रमहेड प्रकार तीन महिन्यांनी किंवा त्याहून उशिरा तयार होतात. पुसा अगेती हा उष्ण हवेत गड्डा धरण्यासाठी मुद्दाम पैदास केलेला प्रकार होय. अलीकडे या भागात खाजगी कंपन्यांच्या संकरित वाणांचेच क्षेत्र अधिक असून हंगामानुसार वाण बदलण्याचा नियम त्यांनाही तितकाच लागू आहे. नवलकोलाचा व्हाइट व्हिएन्ना हा प्रकार ५० ते ६० दिवसांत तयार होतो.

हंगाम : खरीप पिकासाठी मे अखेर ते जूनमध्ये बी टाकून जून-जुलैमध्ये रोपे लावतात व ऑगस्ट ते ऑक्टोबरपर्यंत काढणी करतात. फुलकोबीचे हळवे प्रकार व उष्णता सोसणारी कोबी याच वेळी घेतात. बाजारात माल कमी असल्याने भाव बरा मिळतो. मात्र सप्टेंबरच्या मोठ्या पावसात गड्डे भरत असतील, तर नुकसानही याच पिकाचे होते. त्यामुळे सगळे रान एकाच आठवड्यात न लावणे श्रेयस्कर.

रब्बी पिकाचे बी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये टाकून रोपे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावतात. हे सर्वांत सोपे, सर्वांत भरघोस व बहुधा सर्वांत कमी भावाचे पीक होय. जानेवारी-फेब्रुवारीत नाशिकपासून सोलापूरपर्यंत सर्वांचा माल एकदम निघतो. काढणी व वाहतुकीचा खर्चही सुटत नाही म्हणून उभ्या कोबीत मेंढरे सोडल्याचे किंवा नांगर घातल्याचे दृश्य अशा वर्षी या भागात अपरिचित नाही. पूर्वहंगामी उसाच्या (ऑक्टोबर-नोव्हेंबर लागणीच्या) पट्ट्यांमधील मोकळ्या जागेत कोबी, फुलकोबी वा नवलकोल आंतरपीक म्हणून घेण्याची पद्धत या दृष्टीने सोयीची आहे. ऊस मोठा होण्यापूर्वी भाजी निघून जाते, पाणी व मशागत यांचा खर्च उसाच्या खाती पडतो आणि भाव पडला तरी शेतकरी बुडत नाही.

उन्हाळी पिकासाठी जानेवारीत बी टाकून फेब्रुवारीत रोपे लावतात. काढणी एप्रिल-मेमध्ये येते. एप्रिलमध्ये कमाल तापमान ३८° से. च्या पुढे जात असल्याने या हंगामात फुलकोबी बहुधा टाळावी व केवळ उष्णता सोसणारी कोबी, तीही विहिरीचे वा शेततळ्याचे स्वतःचे पाणी असल्यास लावावी. उन्हाळ्यात कालव्याच्या दोन पाळ्यांमधील अंतर वाढते आणि उथळ मुळांच्या या पिकाला तेवढा खंड सोसत नाही. पाण्याच्या ताणानंतर एकदम भरपूर पाणी मिळाले, तर तयार गड्डा तडकतो. ठिबक सिंचन व गादीवाफ्यावर प्लॅस्टिकचे आच्छादन यांमुळे उन्हाळी पिकाची जोखीम कमी झाली असली, तरी नाहीशी झालेली नाही.

एकाच हंगामात काढणी लांबविण्यासाठी रान तुकड्यांनी लावतात. उदा., एक एकर म्हणजे ४० गुंठे क्षेत्राचे दहा-दहा गुंठ्यांचे चार भाग करून दर पंधरा दिवसांनी एकेक भाग लावला, तर काढणी दोन महिने चालू राहते. तथापि पंधरा दिवसांच्या अंतराने लावलेले तुकडे पंधरा दिवसांच्याच अंतराने निघतील असे नाही. थंडी वाढत असताना नंतरचे तुकडे रेंगाळतात व काढणीतील अंतर वाढते. थंडी उतरत असताना नंतरचे तुकडे आधीच्यांना गाठू लागतात व माल एकदम अंगावर येतो. म्हणून डिसेंबरनंतरच्या लावणीत अंतर वाढवावे किंवा एकाच दिवशी हळवा व गरवा असे दोन प्रकार लावून तोच हेतू साधावा.

जमीन, पाणी व खत : मध्यम काळी, निचऱ्याची जमीन उत्तम. कालव्याच्या पाण्याचा अतिवापर व निचऱ्याचा अभाव यांमुळे नीरा खोऱ्यातील बऱ्याच जमिनी खारवट व चोपण झाल्या. या प्रश्नाचा अभ्यास हॅरल्ड मॅन व ताम्हणे यांनी १९१० मध्येच प्रसिद्ध केला होता. कोबी मध्यम संवेदनशील असून जमिनीच्या संपृक्त अर्काची विद्युत् संवाहकता दर मीटरला १·८ डेसिसायमनच्या वर गेल्यावर तिचे उत्पन्न घटू लागते. ब्रोकोली २·८ पर्यंत टिकाव धरते. मुळा व सलगम याहून बरेच नाजूक आहेत. तेव्हा पांढरी फूट आलेल्या रानात ही पिके घेण्याचा मोह टाळावा. येथील चुनखडीयुक्त जमिनींत क्लब रूट (मुळांवर गाठी येणे) हा थंड प्रदेशातील आम्लधर्मी जमिनीत येणारा रोग त्रास देत नाही. मॉलिब्डेनमाच्या उणिवेने फुलकोबीची पाने चाबकासारखी अरुंद होण्याचा प्रकारही आम्ल जमिनींतलाच होय. मात्र चुनखडीमुळे बोरॉन झाडाला मिळेनासे होऊन खोड पोकळ होणे व गड्डा तपकिरी पडणे, ही विकृती येथे संभवते. अशा वेळी माती तपासून बोरॅक्स वापरावे; अंदाजाने वापरू नये, कारण बोरॉनाचे उणे व अधिक यांतील अंतर फार थोडे आहे.

हेक्टरी सु. २० टन शेणखत आणि सु. १५० किग्रॅ. नायट्रोजन, ७५ किग्रॅ. फॉस्फरस (पेंटॉक्साइडाच्या रूपात) व ७५ किग्रॅ. पोटॅश देतात, नायट्रोजनाचा अर्धा हप्ता लावणीच्या वेळी व उरलेला एका महिन्याने भर देताना. हळवे प्रकार ४५ × ४५ सेंमी. व गरवे ६० × ४५ ते ६० × ६० सेंमी. अंतराने सरी-वरंब्यावर लावतात. नवलकोल याहून बरेच दाट लावतात. लावणीनंतर तीन-चार दिवसांनी आंबवणीचे व पुढे जमिनीच्या मगदुराप्रमाणे पाणी देतात.

रोपे : हेक्टरी सु. ५०० ते ७५० ग्रॅ. बी लागते, संकरित वाणांचे निम्मे पुरते. पूर्वी गादीवाफ्यावर ओळींत बी पेरून चार-पाच आठवड्यांची रोपे उपटून लावीत. पावसाळ्यात वाफ्यात पाणी साचले की बुरशीमुळे रोपे कोलमडून वाफेच्या वाफे बसतात. आता प्लॅस्टिकच्या खणांच्या तबकांत नारळाच्या काथ्याचा भुसा भरून शेडनेटखाली रोपे वाढविण्याचा स्वतंत्र व्यवसायच या तालुक्यांत उभा राहिला आहे. अशा रोपाची मुळे न तुटता लावणी होत असल्याने ते लगेच धरते आणि जूनच्या लावणीत हा लाभ विशेष जाणवतो. बारामती येथील कृषी विज्ञान केंद्राने व त्याच्या भारत-नेदर्लंड्स सहकार्यातील भाजीपाला केंद्राने या पद्धतीचा प्रसार केला. त्याच परिसरात माळेगाव खुर्द येथे २००९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्थेत दुष्काळ, क्षार व उष्णता यांचा पिकांवर होणारा परिणाम अभ्यासला जातो.

कीड व रोग : वर्षभर लागवडीची खरी किंमत येथे मोजावी लागते. चौकोनी ठिपक्यांचा पतंग (प्लुटेला झायलोस्टेला) ही या पिकांची सर्वांत घातक कीड होय. तिच्या बारीक हिरव्या अळ्या पानांचा गर खाऊन पापुद्रा तेवढा ठेवतात व पुढे पानांची चाळण करतात. उष्ण हवेत तिची पिढी दोन-तीन आठवड्यांत पुरी होते. जोराच्या सरींनी अळ्या धुऊन जातात. पण कमी पावसाच्या या भागात तो आधारही दुबळा आहे. थंडीने तिचा नायनाट व्हावा इतकी थंडी येथे पडत नाही. पूर्वी उन्हाळ्यात कोबी नसे, त्यामुळे तिला खाद्यच उरत नसे. तिन्ही हंगामांत पीक घेतल्याने ही साखळी आता अखंड झाली आहे. शेतकऱ्याचा प्रतिसाद बहुधा फवारणी वाढविण्याचा असतो आणि नेमका तोच निरुपयोगी ठरतो. शेतातील डीडीटीला दाद न देणारी ही पहिली पीककीड म्हणून १९५३ मध्ये जावा बेटावर नोंदली गेली व बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जंतूपासून बनविलेल्या औषधालाही १९९० मध्ये हवाई बेटांवर तिने प्रतिकार दाखविला. तीव्र औषधांनी तिच्यावर जगणाऱ्या गांधीलमाशीवर्गीय परजीवी कीटकांचा मात्र नाश होतो.

यावर बंगलोरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने सुचविलेला उपाय साधा आहे. कोबीच्या दर २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी पेरतात. एक कोबी लावण्यापूर्वी १५ दिवस व दुसरी लावल्यावर २५ दिवसांनी. पतंग अंडी घालण्यास मोहरी पसंत करतात व औषध तेवढ्या ओळींवर मारले तरी काम भागते. मुख्य पिकावर निंबोळीचा ४-५ टक्के अर्क फवारतात. याखेरीज काढणी होताच पाने व बुडखे गाडून टाकणे आणि निदान एप्रिल ते जूनमध्ये गावाच्या शिवारात कोबीवर्गीय एकही पीक न ठेवणे, हे परिणामकारक आहे. ही दुसरी गोष्ट एकट्या शेतकऱ्याच्या हातातील नाही. शेजाऱ्याच्या बांधापलीकडे उन्हाळी कोबी उभी असेल, तर याचे रान मोकळे ठेवणे व्यर्थ जाते. आणि उन्हाळ्यात चार पैसे जास्त मिळतात ते नेमके शेजाऱ्यांनी रान मोकळे ठेवले म्हणूनच. मावा व गड्डा पोखरणारी अळी यांचाही उपद्रव होतो. पण तो आटोक्यात ठेवणे तुलनेने सोपे आहे.

रोगांपैकी झँथोमोनास कँपेस्ट्रिस या जंतूमुळे होणारा घाण्या रोग महत्त्वाचा. पानाच्या कडेपासून आत इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा पिवळा डाग पडतो, शिरा काळ्या होतात व अखेरीस गड्डा सडून दुर्गंधी सुटते. हा रोग बियातून येतो. बी ५०° से. च्या गरम पाण्यात अर्धा तास बुडवून वाळविल्यास त्याला आळा बसतो. पाण्याचे तापमान तापमापकानेच पाहावे. हाताच्या अंदाजाने एकतर जंतू जगतात किंवा बी मरते. पुसा मुक्ता हा कोबीचा प्रकार या रोगास प्रतिकारक्षम आहे.

बी : कोबीच्या गड्ड्यातून फुलोऱ्याचा दांडा बाहेर पडण्यास ४° ते १०° से. तापमानाचे काही आठवडे लागतात. दख्खनच्या पठारावर ते मिळत नाहीत. म्हणून कोबीचे बी कुलू खोऱ्यातील कटराईनसारख्या डोंगराळ भागात किंवा परदेशांत तयार होते. पुसा अगेती याला अपवाद असून ती मैदानी हवेतही बी धरते. हळव्या भारतीय फुलकोबीलाही अशा कडक थंडीची आवश्यकता नाही. घरचे बी राखण्याची मुभा बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्याला तत्त्वतः आहे ती एवढ्यापुरतीच आणि तीही परपरागणामुळे मर्यादित. संकरित बी तर दर हंगामाला विकतच घ्यावे लागते.

काढणी : कोबीचा गड्डा बोटांनी दाबून घट्ट लागला की काढतात. फुलकोबीचा गड्डा उन्हाने पिवळा पडू नये म्हणून तो पेल्याएवढा झाल्यावर भोवतालची पाने त्यावर मोडून किंवा बांधून ठेवतात व पांढरा, भरीव असतानाच काढतात. दोन दिवसांचा उशीर झाला तरी तो फाकतो. नवलकोल ५ ते ७ सेंमी. व्यासाचा असताना काढला नाही, तर दोरट होतो. हेक्टरी उत्पन्न कोबीचे हळव्या प्रकारांत सु. २० ते ३० टन व गरव्या प्रकारांत ३० ते ४० टन, तर फुलकोबीचे १५ ते २५ टन येते. वाहतुकीत गड्ड्यांना इजा होऊ नये म्हणून बाहेरची दोन-तीन पाने ठेवून ते भरतात. काढणी संध्याकाळी उन्हे उतरल्यावर करतात; दुपारी काढून गोणीत कोंबलेला माल रात्रभरात आतून तापतो व पुण्यात उतरविताना त्याची पाने पिवळी पडलेली असतात.